डोळे वर करायचे चार दिवस

सुपरवायझरने मला पार्सलच्या वजनकाट्यावर उभं केलं. आधी चपला काढायला लावल्या, मग ओढणी. काट्यावरचा आकडा त्याने मोठ्याने वाचला. लोडिंगची पोरं हसली.

वडपे गावातल्या एका गोडाऊनमध्ये मी पॅकिंगला होते. तिथे प्रत्येक पेटीवर मशीन धरतात, बीप वाजतं, आणि बाहेर जाताना ती काट्यावर चढते. लेबलवर लिहिल्यापेक्षा कमी भरली की बाजूला काढतात. त्या दिवशी शिफ्ट सुटताना मोबाईलची एक पेटी हलकी भरली. सुपरवायझर म्हणाला, "पेटी में माल कम है, तो किसी के बदन पे ज्यादा होगा."

पॅकिंगला आम्ही पुष्कळ बाया होतो. त्याने सगळ्यांना थांबवलं नाही. गोडाऊनची जमीन ज्यांची आहे त्या अण्णांच्या भावकीतल्या पोरी पर्स खांद्याला लावून निघून गेल्या. थांबवलं आम्हा चौघींना. चौघी दिघाशीच्या, गावाच्या कडेला असलेल्या आमच्या एकाच आळीतल्या. याच चौघी का, ते कुणी विचारलं नाही. सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं.

मी एवढंच म्हणाले, "साहेब, बाईमाणसाला बाईने तपासावं."

तेवढं पुरलं. बाकी तिघींना त्याने सोडलं आणि मला काट्यावर चढवलं. सकाळी आले तेव्हा माझं वजन कुणी केलं नव्हतं, मग आता जास्त की कमी ते कळणार कसं? पण त्याला मोबाईल शोधायचाच नव्हता.

मग त्याने लाल स्टिकर काढला. संशय आलेल्या पेटीवर आम्हीच तो लावतो. 'होल्ड' लिहिलेला. तो लागला की पेटी पिवळ्या पट्ट्यांच्या चौकोनात ठेवायची आणि तपासणी होईपर्यंत हलवायची नाही. त्याने तो माझ्या छातीवर चिकटवला. बोटाने दाबून दाबून. "जा, तिकडं उभी राहा. तुमच्या लोकांना असंच समजतं."

मी गेले आणि चौकोनात उभी राहिले. मला कुणी बांधलं नव्हतं.

थोड्या वेळाने अण्णा आले. गाडीतून उतरले, माझ्याकडे पाहिलं, विचारलं, "कोन हाय ही?" सुपरवायझरने गाव सांगितलं, आळी सांगितली. अण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ दे उभी. पाय दुखले का बोलेल." आणि आत चहा प्यायला गेले.

दुसरी शिफ्ट आली. माणसं माझ्या बाजूने पेट्या नेत होती, जशी खांबाच्या बाजूने नेतात. मी बाथरूमला जाऊ द्या म्हणाले. सुपरवायझर म्हणाला, "होल्ड मतलब होल्ड."

पुढचं वाक्य मला कितीतरी महिने कुणापुढे म्हणता आलं नाही. इथे लिहिते. मी तिथेच, उभ्या उभ्या, सलवारीत लघवी केली. सगळ्यांसमोर. आणि तेव्हाही मी स्टिकर काढला नाही.

ती पेटी कंपनीतूनच कमी भरून आली होती. दुसऱ्या दिवशी ते कळलं. मला कुणी सांगितलं नाही. एका ट्रक ड्रायव्हरने सांगितलं, तेही जाता जाता.

काम सोडलं. पण अंग तिथेच राहिलं. धामणकर नाक्यावर आईच्या गोळ्या आणायला मेडिकलमध्ये गेले. दुकानदाराने पाकिटावर मशीन धरलं, बीप वाजलं, आणि मी थिजले. मागून लोक ढकलत होते, "ओ बाई, हटो ना." ऐकू येत होतं. हलता येत नव्हतं. त्यानंतर मी दुकानात जाणं सोडलं. मग रिक्षात बसणं सोडलं. मग आळीतून बाहेर पडणं.

बायकांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेच्या सुनीताताईंनी माझ्याकडून तक्रार करवली. चौकशी लागली. मी गेले. समोर अण्णा, सुपरवायझर आणि त्यांचा वकील. वकील गोड आवाजात म्हणाला, "मग पुढे काय झालं? सांगा ना ताई." माझं तोंड उघडलं, आवाज आला नाही. मग उलटी झाली. वकील चौकशीच्या साहेबांना म्हणाला, "बघा साहेब, यांना आजार आहे. यांच्या बोलण्यावर कसा विश्वास ठेवायचा?" पुढची तारीख पडली.

मला ते एक वाक्य बोलता यायला हवं होतं. बाकी कशासाठी मी त्या उपचाराला गेले नाही.

सुनीताताई म्हणाल्या, एक उपचार आहे. ईएमडीआर म्हणतात. जुनी जखम मनात धरायची आणि डोळे एका लयीत इकडून तिकडे फिरवायचे. एरवी आठवड्याला एकदा जायचं असतं, महिनोनमहिने. पण तारीख जवळ होती. म्हणून सलग चार दिवस, सकाळी आणि दुपारी. उद्या कुणी माझ्यासारखी जाणार असेल तर तिला ठाऊक असावं म्हणून सांगते, त्यात काय होतं ते.

पहिल्या दिवशी काहीच होत नाही. निदान तसं वाटतं. संस्थेची खोली कापड विणायच्या लूमच्या कारखान्यावर होती. खालून खटखट चालू. उपचार करणाऱ्या मॅडमना तिचा त्रास होत होता, त्या सारख्या माफी मागत होत्या. मी त्या आवाजात वाढलेले, मला उलट बरं वाटलं. मॅडम शहरातल्या जुन्या, शिकल्यासवरल्या घरातल्या. जड जड शब्द वापरतील असं वाटलं होतं, पण साधं बोलत होत्या. झोप, जेवण, लहानपण, घरात कोण, सगळं विचारलं. म्हणाल्या, "ही भूल नाही, मोहिनी नाही. तुम्ही शुद्धीवरच असाल. नको झालं की हात वर करायचा. मी तिथल्या तिथे थांबणार."

हात वर केला की थांबणारं माणूस मी पहिल्यांदा पाहत होते. मी मुद्दाम दोनदा केला. त्या दोन्ही वेळा थांबल्या.

मी विचारलं, "यानं विसरायला होईल का? मग चौकशीत काय सांगू?" त्या म्हणाल्या, "आठवण कुठे जाणार नाही. आत्ता ती पुन्हा पुन्हा घडतेय. नंतर ती घडून गेलेली होईल, असा प्रयत्न आहे. सगळ्यांना सारखाच गुण येतो असं मी सांगणार नाही."

दुपारी त्यांनी कानाला लावायचं यंत्र काढलं. काहींना डोळ्यांऐवजी आवाजावर करतात, एकदा या कानात बीप, एकदा त्या. मी भिंतीला जाऊन चिकटले. त्यांनी यंत्र कपाटात टाकलं आणि पुन्हा बाहेर काढलं नाही.

दुसऱ्या दिवशी खरं सुरू झालं. चौकोन डोळ्यांपुढे आणायला सांगितला. विचारलं, "आत्ता त्रास किती आहे? शून्य ते दहामध्ये सांगा." मी म्हणाले, "आकडा नाही सांगणार." "ही पद्धत आहे," मॅडम म्हणाल्या. मी म्हणाले, "त्यानेपण माझा आकडाच वाचला होता." मॅडमनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "बरं. हाताने दाखवा, इथून इथपर्यंत." मी दोन्ही हात ताणले तेवढे ताणले.

मग त्यांनी दोन बोटं माझ्या चेहऱ्यासमोर धरली आणि हलवायला लागल्या. डावीकडे, उजवीकडे. डोळ्यांनी त्यांच्या मागे जायचं. मला जमेना. माझी नजर खाली यायची. परत वर न्यायची, परत खाली. मॅडमना वाटलं मी दमले. दमले होतेच. पण कारण ते नव्हतं.

आमच्याकडे पोरींना चालायला लागल्यापासून एक गोष्ट शिकवतात. मोठ्या घरासमोरून जाताना मान खाली. त्या खोलीत एकाएकी मला ते आठवलं. मी लहान, अण्णांच्या घरी लग्न, आई तांदूळ निवडायला गेलेली. मला तहान लागली. अण्णांच्या आईने ओट्यावरून माझ्या ओंजळीत वरून पाणी ओतलं. मी वर बघितलं. आईने मानेवर चापट मारली. "खाली बघ." पाणी नाकात गेलं. हे मी विसरले होते, म्हणजे मला तसं वाटत होतं. एका आठवणीला हात घातला की मागून दुसरी येते, हे मॅडमनी आधी सांगितलं होतं. पण सांगून कळत नाही.

मी रडत होते. मॅडमनी हात थोडा खाली आणला, माझ्या नजरेच्या उंचीला. माझ्या सोयीसाठीच. चांगल्या मनाने.

मी म्हणाले, "हात खाली आणू नका."

"त्रास होतोय तुम्हाला."

"होऊ दे. वरच ठेवा."

त्यांनी ठेवला. मी डोळे वर नेले. मान दुखली, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, कपाळ ठणकत होतं. बोटं थांबली की त्या विचारायच्या, "आता काय येतंय?" जे येईल ते सांगायचं. वास आला. चहाचा वास आला. अण्णांचं हसू आलं. मग राग आला. एवढा राग माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. आतापर्यंत फक्त लाज येत होती.

घरी गेल्यावर काही उरत नाही. डोकं जड, हातपाय मोडल्यासारखे, जेवायचीही इच्छा नाही. वाईट स्वप्नं पडतात. तिसऱ्या दिवशी सकाळी मी जाणार नव्हते. आई दाराशी बसून होती. म्हणाली, "रोज जातंस नी रोज रडत येतंस. ह्या कसला औषध?" मी चपला घातल्या आणि गेले.

चौथ्या दिवशी शेवटी मॅडम म्हणाल्या, आता स्वतःबद्दल एक चांगलं वाक्य धरूया. "मी आता सुरक्षित आहे," असं चालेल का? मी म्हणाले, "खोटं आहे. गोडाऊन तिथेच आहे. अण्णा तिथेच आहेत. माझी आळीपण तिथेच आहे." त्या म्हणाल्या, "मग तुमचं वाक्य तुम्ही सांगा." खाली लाईट गेली, लूम बंद पडले, सगळं शांत झालं. मी म्हणाले, "लाज त्यांची आहे."

ते धरून डोळे फिरवले. मग ते दुसरं वाक्य, सलवारीचं, मॅडमसमोर मोठ्याने म्हटलं. उलटी झाली नाही. घाम आला.

बरी झाले का? नाही. परवा दुकानात बीप वाजलं आणि छातीत धस्स झालं. पण गोळ्या घेऊन घरी आले. एवढाच फरक आहे. फार थकले आहे, आणि हा थकवा चार दिवसांचा नाही.

काल अण्णांनी आमच्या चुलतकाकाला पाठवलं. काका दारातच उभा राहिला. "अण्णा सांगतान, तुजा विलाज झाला, बरी झालीस, बेस झाला. आता मिटवून टाक, बाय. गावान ऱ्हायाचा हाय आपल्याला."

मी म्हणाले, "काका, मी गप्प बसायला बरी होत न्हाय."

तो आईकडे बघत राहिला. आईने मला थांबवलं नाही.

सोमवारी तारीख आहे. त्या तिघी येणार नाहीत. त्या अजून तिथेच कामाला आहेत, त्यांना पोरं आहेत, माझा त्यांच्यावर राग नाही. मी एकटी बोलेन. वकील पुढे काय झालं विचारेल, तेव्हा सांगेन. आवाज गेला तर पाणी पिऊन परत सुरू करेन. उलटी झाली तर तोंड पुसून परत सुरू करेन. तो आजार म्हणाला तर म्हणेन, हो, आजार आहे, आणि तो कुणी दिला ते सांगते. अण्णांचं नाव घेईन, पूर्ण, आडनावासकट, त्यांच्यासमोर. आणि नाव ऐकून ते जोवर खाली बघत नाहीत तोवर खुर्चीतून उठणार नाही.