तिरपे क्रूस

स्विस मुलखातल्या बाझेल गावात फ्रेनी छापखान्यासाठी चित्रांच्या फळ्या कोरायची. चितारी नासपतीच्या फळीवर शाईनं चित्र काढायचा. फ्रेनी त्यातली रेघ तेवढी उभी ठेवून बाकीचं लाकूड खरवडून टाकायची. नवरा मेल्यावर त्याची हत्यारं हिच्या हाती आली. मुलगा यॉस पगारावर भाला धरायला डोंगरापलीकडे लोंबार्डीत गेला, तो आलाच नाही. प्रेतही नाही.

तिकडं आपले लोक ज्या लढाईत हरले, तिचं चित्र निघालं, तेव्हा चितार्‍यानं सरदाराच्या टोपीतलं पीस न् पीस रेखलं होतं. खाली पडलेल्यांना मात्र तोंड म्हणून दोन ठिपके. ठिपके! फ्रेनीचं डोकं फिरलं. कडेच्या एकाला तिनं यॉसचं फेंदारलेलं नाक दिलं, अर्धवट दाढी दिली. छातीवर आपल्या लोकांचा उभा पांढरा क्रूस होताच. निदान सोबत्यांमध्ये तरी पडलाय, एवढंच तिला हवं होतं.

पुढं केव्हातरी छापखान्याचे मालक लीनहार्ट तीच फळी काखोटीला मारून आले.

"फ्रेनी, यंदा आपण जिंकलोय. हे मेलेले जर्मन करायचेत. छातीवरचे क्रूस तेवढे त्यांच्यासारखे तिरपे कर."

"जर्मन? आपली पोरं आहेत ही, मालक."

"लाकूड आहे गं ते. मेलेल्याला कसली आलीय बाजू?"

"मग त्या सरदाराला करा की तिरपा!"

"तोंड आवर. लोक जत्रेत थुंकायला हे विकत घेतात. तू नाही केलंस तर दुसरा करेल."

ते मात्र खरं होतं.

खरवडलेलं लाकूड काही परत येत नाही. तिथं भोक पाडून नवा तुकडा ठोकायचा आणि त्यावर कोरायचं. फ्रेनीनं एकेक छाती पोखरली, तिरपे क्रूस बसवले. कुणाकुणाची पोरं होती, कोण जाणे. यॉसच्या छातीवर पटाशी टेकवली आणि उचलली. मग तिनं त्याच्या भोवतीनंच लाकूड कापलं आणि त्याला अख्खा बाहेर काढला. त्याच्या जागी तुकडा ठोकून दाट गवत कोरलं.

मालकांनी पहिला छाप उजेडात धरला. "एक मेला कमी झाला की गं!"

"जत्रेत कुणाला कळतंय?"

ते हसत निघून गेले.

संध्याकाळी टेबलावर काळा पाव, कोबीचं कालवण. यॉस बोटाएवढा, जुन्या शाईनं काळाठिक्कर, पाण्याच्या मडक्याला टेकवलेला. फ्रेनी समोर बसली.

"तिकडं फळीवर तुला माणसं तरी होती रे," ती म्हणाली आणि पाव मोडायला लागली.