उपासाला चालत नाही

हे मी आजवर कुणापुढेच काढलेलं नाही. नवऱ्यापुढे नाही, सख्ख्या बहिणीपुढे नाही. देवापुढे तर मुळीच नाही — तिथे बसले की मी आपली स्तोत्रं पुटपुटत राहते, भराभर, म्हणजे मधे जागाच राहायला नको. तुम्हाला सांगतेय ते ओझं हलकं करायला नव्हे. मला माझी किळस येते, आणि ती एकटीने चघळून चघळून तोंड आंबलंय, एवढंच.

ऐंशीच्या सुमाराला आम्ही वाशीत नवीन होतो. हे ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका केमिकल कंपनीत होते. दोन खोल्यांचा ब्लॉक, खाली चिखल, पलीकडे नुसतं माळरान. सासरे वारले आणि सासूबाई चिपळूणहून कायमच्या आमच्याकडे आल्या. मी त्यांना आई म्हणायची. स्वभावाने इतक्या गरीब, की मला त्या गरीबपणाचाच राग यायचा. भांडल्या असत्या एकदा कडाकडा, तर काय बिघडलं असतं?

वर्षभरात त्यांच्या छातीत दुखायला लागलं. डॉक्टरांनी गोळी लिहून दिली — सकाळी एक, रात्री एक, जन्मभर. गोळी महाग होती. एका पट्टीच्या पैशांत आमची आठवड्याची भाजी यायची. पण थांबा, लगेच च्‌ च्‌ करू नका. हे पगाराच्या दिवशी आईच्या औषधाचे पैसे वेगळे काढून माझ्या हातावर ठेवायचे आणि परत कधी विचारायचे नाहीत. पैसे पुरत होते. अगदी व्यवस्थित पुरत होते.

मग झालं काय? समोरच्या वहिनींकडे सोफासेट आला. लाल रेक्झिनचा. हसा. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर.

एका संकष्टीला मी सवयीने आईंच्या हातावर गोळी ठेवली. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि विचारलं, “सुमन, ही उपासाला चालते का गं?” बाईचा प्रश्न साधा होता. आणि मी — मला खरंच कुठेतरी ऐकल्यासारखं वाटत होतं — म्हणाले, “गोळी वळायला पीठ घालतात म्हणे थोडं.” त्यांनी गोळी निखारा असल्यासारखी माझ्या हातात परत दिली. “बरं झालं हो सांगितलंस,” म्हणाल्या.

तेव्हाच म्हणायला हवं होतं, अहो आई, औषधाला कसलं काय, घ्या. जिभेवर आलंही होतं. पण मी गोळी परत डब्यात टाकली, आणि महिनाअखेरीला बघते तर पट्टीत गोळ्या शिल्लक! संकष्टी गेली, दोन एकादश्या गेल्या, सोमवार तर त्यांचे लग्नापासूनचे. पुढची पट्टी मी आठ दिवस उशिरा आणली. उरलेले पैसे साखरेच्या डब्यामागे ठेवले. कसली मेली हाव ती! डबा सरकवून मी रोज एकदा बघायची.

आई मात्र खूश. बिल्डिंगभर सांगत सुटल्या, माझी सून माझे उपास जपते. तळवलीहून एक भाजीवाली यायची आमच्याकडे, टोपली दारात उतरवून आईंशी बोलत बसायची. तिलाही सांगितलं. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, “औशदाला कसला उपास गो बाय? देव काय गोल्या मोजत बसलाय?” आईंनी तिलाच समजावलं, “तुला नाही कळायचं. माझी सून मॅट्रिक झालेली आहे.” मी आत कांदा चिरत होते. सुरी थांबलीसुद्धा नाही माझी.

एवढंच असतं ना, तर कदाचित मी आतापर्यंत कुणाकडे बोलले असते. नवी नवी गृहिणी, अक्कल नव्हती, चूक झाली — म्हणून मोकळी झाले असते. पण यांच्या कंपनीत टाळेबंदीची कुजबुज सुरू झाली. आई रडकुंडीला आल्या, माझ्या पोराचं कसं व्हायचं? आणि मी काय केलं? मी त्यांना शनिवार सुचवला. “शनिवार धरा ना आई, यांच्यासाठी.” मी. माझ्या तोंडाने. त्यांच्या भक्तीसाठी नाही, यांच्या नोकरीसाठीही नाही. बोलताना माझ्या डोळ्यांपुढे पट्टी होती. आठवड्यातला आणखी एक दिवस. शी!

त्या धरतील हे मला ठाऊक होतं. मुलाचं नाव घेतल्यावर ती बाई विहिरीत उतरली असती.

पुढे जिना चढताना त्यांना मधेच बसावं लागायचं. पाय सुजले. मी डॉक्टरांकडे घेऊन गेले — हो, तेही केलं, चांगली सून ना मी! डॉक्टरांनी विचारलं, गोळ्या नियमित चालू आहेत ना? मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाल्या, “एक दिवस चुकत नाही हो, सून हातावर आणून ठेवते.” त्या खोटं बोलत नव्हत्या. उपासाला जेवण नाही म्हणजे काही जेवण चुकलं असं होत नाही, तसंच त्यांच्या लेखी गोळीचं. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत बसले. डॉक्टरांना वाटलं ही गोळी लागू पडत नाही. त्यांनी आणखी जोराची लिहून दिली, आणखी महाग. तिच्यातही पीठ असतं, असं मी घरी येऊन सांगितलं.

दिवाळीला सोफा आला. हिरवा. पहिल्यांदा आईच बसल्या त्याच्यावर, हाताने चाचपत म्हणाल्या, “मऊ आहे हो.”

आणि मग तो शनिवार. सकाळचे अकरा वाजले असतील. आई ताट मांडीवर घेऊन वरी निवडत होत्या. ताट खाली ठेवलं, छातीवर हात ठेवला, घामाने चेहरा डबडबला. मी धावत गोळी आणली, पाणी आणलं, गोळी त्यांच्या ओठांशी धरली. त्यांनी ओठ घट्ट मिटले. मान हलवली.

“आज शनिवार ना गं?”

“चालते, आई. चालते उपासाला. घ्या.”

त्या माझ्याकडे बघून हसल्या. तशातही हसल्या हो! म्हणाल्या, “माझ्या जिवासाठी खोटं नको बोलूस, पोरी. त्याच्या नोकरीचा उपास आहे.”

आता ऐका. हेच सांगायचं होतं, बाकी सगळं पाल्हाळ. त्या क्षणी एक वाक्य पुरलं असतं. खोटं मी आत्ता नाही, पहिल्या दिवशी बोलले. एवढं म्हटलं असतं तर त्यांनी तोंड उघडलं असतं. पण आवाज ऐकून समोरच्या वहिनी दारात आल्या होत्या, लाल सोफावाल्या. त्या ऐकतील, बिल्डिंगभर होईल, यांच्या कानावर जाईल — एवढा सगळा विचार मला सुचला. बाई डोळ्यांदेखत चालली होती आणि मला माझं नाव सुचलं! मी नुसती “चालते, चालते” करत राहिले. वहिनींचे मिस्टर टॅक्सी घेऊन आले तेव्हा उशीर झाला होता.

गोळी माझ्या मुठीत विरघळली होती. मी मोरीत हात धुतला.

गोळीने त्या वाचल्या असत्या का? मला माहीत नाही. माहीत नाही याचा आधार मी कितीदा घेतलाय, त्याचीही घाण वाटते. बाराव्याला सगळे म्हणाले, सून असावी तर अशी. हे तर शेवटपर्यंत तेच म्हणत गेले.

आता मी मुलाकडे असते, ऐरोलीला. माझ्याही छातीत दुखतं, मलाही गोळी आहे. सकाळी एक, रात्री एक. मी एकही चुकवत नाही. एकादशीला घेते, संकष्टीला घेते. शनिवारीसुद्धा घेते. चालते ती उपासाला.