नाल्याला दिलेलं वावर

हॉलंडला निघालो तेव्हा बाबा स्कूटरवरून मला यवतमाळच्या स्टँडवर सोडायला आले होते. बस हलली तरी त्यांनी वावराचा, आमच्या शेताचा, विषय काढला नाही. "पोचला का फोन लावजो," एवढंच. मी खिडकीत नदीतज्ज्ञाचा चेहरा करून बसलो होतो.

नेर तालुक्यातल्या मंडळींना पुढचं पाठ आहे. माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठी सांगतो. गावचा नाला कोणे एके काळी सरळ खोदलेला. पाणी धावत निघून जाई आणि दिवाळीनंतर विहिरी तळाला. विद्यापीठातल्या माझ्या प्रबंधाचं म्हणणं साधं होतं: नाल्याला त्याचं जुनं वळण परत द्या, पाणी थांबेल. उपग्रहाच्या फोटोवर ते वळण मी मोठ्या ऐटीत निळ्या रेषेनं काढलं आणि ग्रामसभेत पडद्यावर दाखवलं.

निळ्या रेषेकडे बोट दाखवत मागून बाबा उठले. सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे सांभाळत अख्खी नोकरी काढलेला माणूस. "काहून बे, हे आपलंच वावर व्हय ना?"

सभा खो-खो हसली. वरून पाहिलं तर स्वतःचं वावर न ओळखणारा, नकाशेवाल्या कारकुनाचा मुलगा मीच. सरपंच म्हणाले, "भाऊ, पह्यले तुमच्या वावरातून होऊ द्या. मंग आमचं पाहू." पाऊस दगा देऊन गेलेलं वर्ष, कापसाला भाव नाही, गावभर वाळलेल्या पऱ्हाटीत आमचा तेवढा ओलाव्याचा पट्टा हिरवा होता. निवृत्तीनंतर बाबा त्याच्याच भरवशावर होते. नको म्हणावं तर प्रबंध खोटा, हो म्हणावं तर बाबांचा घास जातो. मी शांतपणे ग्लासभर पाणी प्यायलो. संशोधकाला एवढंच सुचलं.

बाबाच बोलले, "पोरानं लिवलं ते खरं असन, तं घ्या."

त्या प्रबंधावरच इथली नोकरी मिळाली. आता रेनकोट घालून, सायकल हाणत मी परक्यांच्या ओढ्यांना वळणं देत फिरतो. प्रोजेक्ट संपला की दुसरा तयार. तिकडे आमच्या वावरातून वळवलेल्या नाल्यात पाणी थांबतं, माझं नाव निघतं म्हणे.

मागच्या महिन्यात फोनवर धीर करून म्हणालो, "बाबा, करमत नाही इथं. परत येतो, शेती करतो."

"करशीन काय येऊन? वावर तं नाल्यात गेलं." आवाजात राग नव्हता. रागावले असते तर भांडून तरी आलो असतो.

घर म्हणजे आता ते पाणी. ते गावातल्या सगळ्या विहिरींत पोचलंय. मला मात्र तिथं पाय टेकायला जागा उरली नाही.