मूर्ती जड नव्हती

“मावशी, राहू द्या. जड आहे ती.”

रेजिना काकू हसत म्हणाल्या आणि मूर्ती माझ्या आईच्या हातांवरून फिरवून घेतली. आईने डोक्यावर पदर घेतला होता, दोन्ही तळवे पुढे धरले होते. मूर्ती त्या तळव्यांपासून वीतभर अंतरावर आली होती. तिथून ती वळली आणि शेजारच्या बाईंच्या हातात गेली. आई तशीच उभी. हात तसेच पुढे. खोलीत वीस माणसं होती आणि सगळ्यांना एकदम आपापल्या फोनमध्ये काहीतरी बघायचं होतं.

मूर्ती फूटभर उंचीची होती. प्लास्टरची, आतून पोकळ. पहिलीतली पोरंही ती उचलायची.

इथे अमेरिकेत, वेस्ट विंडसर भागातल्या आम्हा भारतीय कॅथलिकांचा एक ग्रुप आहे. दर शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी रोझरी, म्हणजे माळेची प्रार्थना. मग मरियामातेची मूर्ती पुढच्या घरी जाते, आठवडाभर राहते. ज्या घरी जायची त्या घरातली सगळ्यांत मोठी बाई तिला हातात घेते आणि गाडीत मांडीवर बसवून नेते. मी एकटी राहणारी, घरात मोठं कुणी नाही, म्हणून तीन वर्षं माझं नाव पुढे ढकलत होते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात आई आली. मी हौसेने नाव लावलं. आईने त्या दिवसासाठी नगरहून आणलेली लिंबू रंगाची साडी नेसली होती.

मग आमचं नाव ऐन वेळी का गळलं? दहा मिनिटांपूर्वी चहा चालला होता. काकूंनी प्रेमाने विचारलं, “मावशी, तुम्ही पुण्यात कुठल्या पॅरिशच्या, कुठल्या चर्चच्या?”

“पुन्याच्या न्हाई बाई,” आई म्हणाली. “आमी नगरकडचे. मिशनच्या वाडीतले. शिस्टरांच्या कान्व्हेंटात झाडलोट करायचे मी. तीस वर्सं.”

झालं. एवढंच. कुणाचा चेहरा वाकडा झाला नाही. उलट काकू म्हणाल्या, “अरे वा, सेवा केलीत.” पण काकूंचं घराणं किनाऱ्याकडचं, जुनं. चारशे वर्षांपूर्वी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आपण कोण होतो, कुठल्या जातीचे, हे त्यांच्याकडे अजून लग्नं ठरवताना विचारतात. आणि नगरकडची मिशनची वाडी म्हटलं की आम्ही कोण होतो, हे काही विचारावं लागत नाही. काकूंनी एकदा माझ्यासमोरच कुणाबद्दल तरी म्हटलं होतं, “ते काय, दुष्काळात गव्हासाठी ख्रिस्ती झालेले.” मी तेव्हा हसले होते. मी पुण्याची होते ना. अमेरिकेत पाय ठेवल्यापासून मी सगळ्यांना पुण्याचीच होते.

म्हणून त्या संध्याकाळी मी काय केलं, ते नीट सांगते. मी आईचे हात धरून खाली केले. आणि काकूंना म्हणाले, “इट्स ओके, काकू. नेक्स्ट टाइम.”

गाडीत मी आईवर भडकले. “कशाला सांगितलंस सगळं?”

“इचारलं म्हनून सांगितलं,” ती म्हणाली. “मरियामायपुढं खोटं बोलू व्हय?”

परतताना मांडीवर मूर्ती धरायची म्हणून तिने येतानाच पर्स गाडीत पायाशी ठेवली होती, ती घरी पोचेपर्यंत तिथेच राहिली.

आता दुसरी गोष्ट. दर रविवारी मिस्सेच्या उपासनेआधी मी चर्चच्या तळघरात मुलांना धर्मशिक्षण देते. सातवीचा वर्ग. त्या ऑक्टोबरात आमचा धडा होता चार मुख्य नैतिक सद्गुणांचा. विवेक, न्याय, धैर्य, संयम. दार बिजागऱ्यांवर फिरतं तसं माणसाचं चांगलं वागणं या चारांवर फिरतं, असं मी फळ्यावर दार काढून शिकवायचे. पोरांना ते दार आवडायचं.

शनिवारी मी धड्याची तयारी करत बसले होते. आई कोथिंबीर निवडत होती. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण हे चारही शब्द तिला पाठ होते. कॉन्व्हेंटात सिस्टर पोरींना शिकवायच्या तेव्हा ही बाहेरच्या पडवीत केर काढायची. ऐकून ऐकून सगळं धर्मशिक्षण पाठ.

“न्यायाचं काय शिकवतीस गं पोरास्नी?” तिने विचारलं.

“रांगेत घुसू नये. खाऊ वाटून खावा. असंच.”

आई हसली. “रांग म्हंजे न्याय व्हय?”

मी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. आदल्या दिवशी जे झालं ते तिच्या मनात होतं, हे मला कळत होतं. मला त्यावर बोलायचं नव्हतं. मी संयमाच्या पानावर होते. माझं संयमाचं पान फार छान तयार असायचं.

डिसेंबरात आई परत गेली. काकूंकडे मी जात राहिले. का नाही जाणार? काकू वाईट असत्या तर किती सोपं झालं असतं. मला फ्लू झाला तेव्हा तीन दिवस त्यांनी सूप आणून दिलं. पहिली गाडी घ्यायला त्या माझ्याबरोबर आल्या. माझ्याशी त्यांचं प्रेम तसंच राहिलं. यादीत माझं नाव मात्र पुन्हा आलं नाही. मी लावलंही नाही. मी स्वतःला सांगायचे, हा माझा विवेक आहे. हे माझं धैर्य आहे, सहन करण्याचं. शेपूट घालून बसले होते आणि त्याला सद्गुणांची नावं देत होते.

या ऑगस्टमध्ये आई गेली. सकाळी भावाचा फोन आला. हार्ट अटॅक.

माझं व्हिसाचं एक्स्टेन्शन अडकलेलं होतं. वकिलाने दोन वाक्यांत निकाल लावला, आता देश सोडलात तर परत यायचं काही खरं नाही. मी सूटकेस भरली, रिकामी केली, परत भरली. गेले नाही. आईची माती मी फोनवर बघितली. भावाच्या मुलीने फोन धरला होता, तो सारखा खाली जायचा, म्हणून मला आईचा चेहरा कमी आणि लोकांच्या चपला जास्त दिसल्या. मग नेटवर्क गेलं. परत आलं तेव्हा खड्डा बुजवून झाला होता.

त्यानंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. मी कामाला लॉगिन करायचे आणि स्क्रीनकडे बघत बसायचे. आंघोळ करावीशी वाटायची नाही. फरशीवर पडून राहायचे. आपण आता कशासाठी आहोत, हा प्रश्न मी रिकाम्या घरात मोठ्याने विचारायचे, आणि मला त्याची भीती वाटेनाशी झाली होती. एकच गोष्ट सारखी डोळ्यांपुढे यायची. पुढे केलेले दोन हात. ते मी खाली केले होते. मी.

मला वाटलं, एकदा ती मूर्ती माझ्या घरी यावी. आईच्या महिन्याच्या दिवशी वीस माणसं माझ्या हॉलमध्ये बसावीत, आईच्या नावाने रोझरी व्हावी. मग मला जगता येईल. मी काकूंना फोन केला. रडत रडत मागितलं. भीक मागावी तसं.

काकूही रडल्या. मग म्हणाल्या, “बेटा, जरा प्रूडन्स ठेव, विवेक ठेव. तुझ्याकडे ठेवलं की कोण येणार, कोण नाही येणार, उगाच लोक बोलणार. ग्रुप छोटा आहे, फुटायला वेळ लागत नाही. तू घरीच शांतपणे प्रार्थना कर ना. देव तिथेही ऐकतो.”

“हो काकू,” मी म्हणाले.

महिन्याच्या दिवशी मी एकटीने रोझरी म्हटली. माळेची प्रार्थना दोन बाजूंनी म्हणायची असते, अर्धी एकाने, अर्धी बाकीच्यांनी. मी दोन्ही बाजू म्हटल्या.

त्याच आठवड्याच्या रविवारी वर्गात परत तोच धडा आला. फळ्यावर दार. चार बिजागऱ्या. ज्याचं जे आहे ते त्याला देण्याची पक्की इच्छा म्हणजे न्याय, हे वाक्य दर वर्षी फळ्यावर लिहायचे, याही वर्षी लिहिलं. आणि लगेच खाऊ वाटून घेण्याचं उदाहरण दिलं. मिया नावाच्या मुलीने हात वर केला. चष्मेवाली, फार प्रश्न विचारणारी.

“मिस, बट दॅट्स शेअरिंग,” ती म्हणाली. “इफ इट्स ऑलरेडी हर्स, देन गिव्हिंग इट टू हर इजन्ट बीइंग नाइस. राइट?”

जे तिचंच आहे ते तिला दिलं, तर त्यात मेहेरबानी कसली?

मी खडू हातात धरून उभी राहिले. आठ वर्षं शिकवत होते मी. विवेक म्हणजे घाबरून गप्प बसणं नव्हे, हे मीच पाठ करून घ्यायचे पोरांकडून. धैर्य नुसतं सोसण्यात नसतं, भल्यासाठी पुढे होण्यातही असतं, हेही माझ्याच वहीत माझ्याच अक्षरात होतं. दुसऱ्यांच्या पोरांना शिकवायला मला सगळं येत होतं. पडवीत केर काढणाऱ्या बाईने एका हसण्यात जे विचारलं होतं, ते मला दोन वर्षांनी एका सातवीतल्या पोरीकडून कळलं. आई तेव्हा जमिनीखाली होती.

“राइट,” मी म्हणाले. “यू आर राइट, मिया.” आणि खाऊचं उदाहरण पुसून टाकलं.

ऑक्टोबरचा पहिला शुक्रवार नेहमी काकूंकडे असतो. मूर्ती त्यांचीच, त्यांच्या आजीची. रोझरी संपली. काकूंनी सगळ्यांना थांबवलं. त्यांचे डोळे भरले होते. म्हणाल्या, “आपल्या या मुलीची आई गेली. बिचारी जाऊसुद्धा शकली नाही. आपला धर्म चॅरिटी शिकवतो. आम्ही ठरवलंय, या वर्षी मूर्ती आधी हिच्याकडे जाईल.”

लोकांनी माना डोलावल्या. कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला. काकू मूर्ती घेऊन माझ्यापुढे आल्या. दोन्ही हात पुढे. जागाही तीच, सोफा आणि टीव्हीच्या मधली.

देवाशपथ सांगते, मला ती मूर्ती हवी होती. पोटातून हवी होती. हात उचलायचा अवकाश होता.

मी हात उचलले नाहीत.

“काकू,” मी म्हणाले, “दोन वर्षांपूर्वी इथेच माझी आई हात पुढे करून उभी होती. तेव्हा ही तिला का दिली नाही?”

“अगं, तेव्हा... मावशींचं वय, आणि ती जड...”

“जड आहे?”

मूर्ती त्यांच्या हातातच होती.

“माझी आई कॉन्व्हेंटात झाडू मारायची. आम्ही गव्हासाठी झालेले. मी पुण्याची नाही, मी इतकी वर्षं खोटं बोलले. आता सांगा. का दिली नाही?”

“बेटा, झालं गेलं विसर,” काकू हलक्या आवाजात म्हणाल्या. “क्षमा करायला शिकवतो ना आपला धर्म?”

“करीन. कुणी मागितली तर करीन.”

कुणी मागितली नाही. कुणाचा तरी फोन वाजला, कुणी मुलांना हाका मारू लागलं. काकू मूर्ती हातात घेऊन उभ्या राहिल्या. त्यांचे हात दुखत असावेत. शेवटी त्यांनी ती टेबलावर ठेवली. मी माझी चप्पल शोधली आणि बाहेर पडले. गाडीत बसून इतकी रडले की स्टिअरिंग ओलं झालं. मला हलकंबिलकं काही वाटलं नाही. आई परत आली नाही. तिच्यासाठी जे करायचं ते ती समोर असताना करायचं होतं, आणि मी तेव्हा तिचे हात खाली केले होते. हे आता कुठल्याच रोझरीने फिटणार नाही.

ग्रुपवर निरोप आले. दुःखात आहे बिचारी, समजून घ्या. एकाने लिहिलं, हिला थोडी नम्रता हवी. दोघांनी मला सुचवलं की काही दिवस येऊ नकोस.

मी जाते. दर शुक्रवारी जाते. ज्याच्या घरी असेल त्याच्या घरी, वेळेवर. सगळी रोझरी म्हणते. शेवटी मूर्ती पुढच्या घरी निघते तेव्हा मी उभी राहते आणि तोच प्रश्न विचारते. माझ्या आईला का दिली नाही? त्यानंतर निघते. गेल्या पाच शुक्रवारी पाचदा विचारलं. पहिल्यांदा खुर्चीची पाठ धरून उभी होते. परवा ती धरावी लागली नाही. सद्गुण म्हणजे सवय, पुन्हा पुन्हा करून अंगी लागते, हे मी पोरांना शिकवते. गप्प बसायची सवयही मला अशीच लागली होती, वयाची चौतीस वर्षं रोज करून करून.

मूर्ती माझ्या घरी आलेली नाही. दान म्हणून ती माझ्या दारात येणार नाही, मी येऊ देणार नाही. ज्या दिवशी त्या खोलीत कुणीतरी माझ्या आईचं नाव घेऊन म्हणेल, “तिच्या हातांना मूर्ती जड नव्हती, आम्हाला ते हात नको होते,” त्या दिवशी मी हात पुढे करीन.

येत्या शुक्रवारी पुन्हा विचारणार आहे.