मापाच्या पडद्याआड

"अहो वहिनी, पोटचा पोरगा आहे तो तुमचा! शत्रू नव्हे!"

"शत्रूला मी निदान घरात तरी घेतलं नसतं, वन्सं."

"जरा मन मोठं करा."

"तेवढं कापडच उरलं नाही आता."

नणंद सकाळपासून भाच्याची वकिली करत होती. भाचा दाराच्या चौकटीला टेकून नखं कुरतडत उभा. त्याच्या आईला सगळी गल्ली मास्तरीणबाई म्हणे. निम्म्या गल्लीचे कपडे तिनं शिवले होते आणि उरलेल्या निम्मीला शिवायला शिकवलं होतं. आज अकरा वाजता वृद्धांच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यासमोर सुनावणी होती. मुलाविरुद्धच्या तक्रारीत लिहिलेलं बाईंनी तिथं तोंडानं सांगितलं, तर मुलाला हे घर सोडावं लागणार होतं. कच खाल्ली, तर तो इथंच.

"असं केलं तरी काय त्यानं?"

बाईंनी मनगट पुढे केलं. हाड अजून वाकडंच होतं.

"तुम्ही पडलात म्हणे."

"पडले ना. त्याच्या तावडीत पडले."

नवरा गेल्यापासून मुलगा घराच्या कागदावर सही मागत होता. बाई वाचल्याशिवाय सही करेनात, म्हणून त्यानं चष्माच खिशात घालायला सुरुवात केली. मग फोन काढून घेतला. मग बाहेरून कडी. गिऱ्हाईक आलं की चष्मा नाकावर, गेलं की पुन्हा त्याच्या खिशात. गिऱ्हाइकं मात्र त्यानं बंद केली नाहीत. म्हातारी कशी मजेत आहे, हे गल्लीला दिसायला नको?

तिथंच तो फसला. खोलीच्या कोपऱ्यात मापाचा पडदा होता. पडद्याआड बाई आणि गिऱ्हाईक. तिसऱ्यानं फिरकायचं नाही, हा बाईंचा चाळीस वर्षांचा दंडक. बायकांच्या मापाच्या वेळी मुलगा आपण होऊन जिन्यात जाऊन बसे. मारताना न वाटणारी लाज त्याला तिथं वाटायची!

शाळेतल्या शिपाईबाई बाही आखूड करायला आल्या, तेव्हा खांद्याला टेप लावता लावता बाई त्यांच्या कानाशी पुटपुटल्या, "मला यातून सोडवणारं कुणीतरी माणूस आणून द्या हो." शिपाईबाई पक्क्या. मोठ्यानं म्हणाल्या, "खांदा उतरतोय बरं का, मास्तरीणबाई!" आणि हळूच बाईंचा हात दाबला.

चौथ्या दिवशी एक अनोळखी बाई कोट शिवायला आली. पडद्याआड येताच कुजबुजली, "वृद्धांच्या मदतकेंद्रातून आलेय. मोठ्यानं मापं सांगत राहा."

"छाती अडतीस!"

"घरात भीती वाटते?"

"हो. कंबर चौतीस!"

"मारतो?"

"हो. बाही एकवीस!"

"तुम्हाला काय हवंय? आमच्याकडे राहायची सोय आहे."

"मी का जाऊ? त्यानं जावं."

"दोघांना समोरासमोर बसवून समेट करून बघायचा?"

"उंची बेचाळीस!" बाई इतक्या जोरात ओरडल्या, की जिन्यातला मुलगा दचकला.

दुसऱ्या खेपेला 'माझी मावसबहीण, हिलाही कोट हवाय' म्हणून तिच्याबरोबर केंद्राच्या डॉक्टरीणबाई आल्या. पडद्याआड त्यांनी मनगट तपासलं, पाठीवरचे वळ बघितले, सगळं टिपून घेतलं. तिसऱ्या खेपेला लिहून तयार केलेली तक्रार आली. बाईंनी ती चष्मा लावून ओळ न् ओळ वाचली, एक चुकलेली तारीख दुरुस्त करायला लावली आणि मगच सही ठोकली. तिन्ही खेपांना पाहुण्यांना पाणी मुलानंच आणून दिलं होतं. ते आठवलं की बाईंना आजही पोटातून हसू फुटे.

"नोटीस आल्यापासून धड जेवला नाहीये तो," नणंद म्हणाली.

"मला कोंडलं होतं तेव्हा मी जेवले का, विचारलंत कधी?"

"मला काय माहीत!"

"दोनदा आलात. दोन्ही वेळा 'झोपलीये' म्हणाला. तुम्ही चहा पिऊन गेलात. कप विसळल्याचा आवाज ऐकला मी आतून."

नणंद पदरानं उगाच टेबल पुसू लागली.

"सूडच उगवताय तुम्ही," शेवटी ती म्हणाली.

"मग? आरती ओवाळू? त्याला सामान बांधताना बघायचंय मला. समोर खुर्ची टाकून बघायचंय."

खाली रिक्षाचा हॉर्न वाजला. केंद्राची बाई आली होती. बाईंनी कागदांची पिशवी काखेत मारली. मुलगा दारातून हलला नाही. लहानपणी तापात दिसायचा तसाच, तोंड सुकलेलं, डोळे ओले. बाईंचं काळीज हललं, आणि हललं म्हणूनच संताप मस्तकात गेला. याच चेहऱ्यानं त्यांना तीन वर्षं गप्प बसवलं होतं.

"आई, चुकलो गं. पाया पडतो. मला दुसरं कोण आहे? मी जाऊ कुठे?"

बाईंनी त्याला कोपरानं बाजूला सारलं, चपला पायात सरकवल्या.

"आई! बोल ना काहीतरी. मी जाऊ कुठे?"

कठड्याला धरून बाई एकेक पायरी उतरत गेल्या.