नवरा दावील ती अरुंधती

आमच्या माहेरी सप्तर्षींना सप्तर्षी कुणी म्हणत नव्हतं. ते बाजलं. एका म्हातारीचं चार पायांचं बाजलं आणि ते पळवून नेणारे तीन चोर. मधल्या चोराला अगदी खेटून एक बारीक तारा आहे, ते त्याच्या काखेतलं गाठोडं, असं आई सांगायची. उन्हाळ्यात आम्ही भावंडं माळवदावर झोपायचो. बेंबळीकडच्या आमच्या गावात तेव्हा वीज आली नव्हती, त्यामुळे आभाळ भरपूर होतं. बाकी काही भरपूर नव्हतं. ज्याला चोराचं गाठोडं दिसेल त्याचे डोळे चांगले, असा आमचा खेळ होता, आणि त्यात मला कुणी हरवलं नाही.

त्या चोराला वसिष्ठ ऋषी म्हणतात आणि गाठोड्याला अरुंधती, हे मला माझ्याच लग्नात कळलं.

लग्न झालं ते दुष्काळात. आई आणि मी सरकारी कामावर खडी फोडायला जात होतो. हळद लावली तेव्हा तळहातावरच्या फोडांना झोंबली, म्हणून मी रडले, आणि बायकांना वाटलं माहेर सुटतंय म्हणून रडतेय. पंगतीला रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लाल भाकरी आणि आमटी होती. पाहुण्यांनी नावं ठेवली नाहीत, कारण त्यांच्याही घरी तेच शिजत होतं. गोरज मुहूर्तावर अक्षता पडल्या. अंधार पडून चांदण्या लख्ख झाल्यावर गुरुजींनी आम्हा दोघांना मांडवाबाहेर नेलं. सप्तर्षींतला शेवटून दुसरा तारा वसिष्ठ आणि त्याला खेटून असलेली अरुंधती, ती कशी त्याची पाठ सोडत नाही, लहान असून कशी त्याच्या मागोमाग जाते, तसं तू राहा, वगैरे सांगून झालं. मग ते नवऱ्याला म्हणाले, "हं, दाखवा नवरीला अरुंधती."

नवऱ्यानं हात उचलला. बोट गेलं ते आमच्या लिंबाच्या शेंड्याकडे. तिथं लिंबाचा शेंडाच होता. बाजलं पार वर, उजव्या हाताला होतं.

"तिथं न्हाय," मी म्हणाले, "ती तिकडं हाय."

मागून चुलतीनं दंडाला कचकन चिमटा काढला. "दिसली म्हण गं. नवरा दावील ती अरुंधती!" सगळ्या बायका खो खो हसल्या. गुरुजीही हसले. "नाही दिसली तरी दिसली म्हणायचं असतं, बाळ," ते म्हणाले. "तसा नियमच आहे." मी म्हणाले, "दिसली." नवऱ्याचा हात माझ्या हातात होता. तो घामानं निथळत होता. मला वाटलं लाजतोय बिचारा.

लाजत नव्हता. त्याला तिथं आभाळच दिसत नव्हतं.

सासर ढोकीच्या बाजूला. पहिल्या महिन्यातच माझ्या ध्यानात आलं. दिवसा या माणसाच्या नजरेतून पाखरू सुटायचं नाही, पण दिवस बुडाला की तो वेगळाच होई. गुडघ्याशी ठेवलेला तांब्या चाचपडत शोधायचा. उंबऱ्यावर पाय आधी घासून बघायचा आणि मग टाकायचा. शेतातून येताना दोन बैलांच्या मधून चालायचा, एक हात कायम खिलाऱ्याच्या वशिंडावर. गावातली माणसं म्हणायची, जनावरावर माया करावी तर यानं. मायाही होती, खोटं कशाला बोलू. पण मुळात ते बैल त्याचे डोळे होते. गाडीला बैल असले की आंधळा मालकही घरी पोचतो. बैलांना वाट पाठ असते, आणि मालक पुढं बघतोय की नाही हे ते कुणाला सांगत नाहीत.

एकदा मी विचारलं, "आंधारात दिसत न्हाय का तुमाला?"

"दिसतं की," तो म्हणाला. लिंबाखाली मी म्हणाले होते ना, अगदी त्याच सुरात.

दुष्काळ सरला. विहिरींना पाणी आलं, आणि ज्याच्या विहिरीला पाणी तो ऊस लावायला लागला. जो तो कर्जासाठी सोसायटीच्या दारात. धाकट्या दिरानं ट्रॅक्टर आणायचं काढलं आणि बैल बाजारात नेले. बैल गेले त्या दिवशी नवरा जेवला नाही. दिराला वाटलं, जुन्या चालीचा माणूस, होईल सवय. ट्रॅक्टर थोरल्या भावानं चालवायचा, असं ठरलं. मान त्याचा होता ना!

मी सासूकडे गेले. ती चुलीपुढं भाकरी थापत होती.

"आत्या, त्यांना दिवस बुडल्यावर दिसत न्हाय. त्यांना ट्रॅक्टरवर बसवू नका."

तिचा हात थांबला नाही. "म्हायती हाय," ती म्हणाली. "त्याच्या बापालाबी न्हाय दिसायचं. माज्या लग्नात त्यांनी मला गोठ्याची भिंत दावली. म्या म्हणले दिसली. जलमभर दिसलीच म्हणत आले. माजा सौंसार झाला का न्हाय?"

"पर तवा बैल व्हते, आत्या."

"घरात लगीन व्हायची पोर हाय. ह्या घरात आंधळेपणा हाय म्हणून उद्या गावभर झालं तर कोण उबं करील तिला? झाकली मूठ सव्वा लाखाची. गप ऱ्हा."

तिनं भाकरी उलटली. मला तिचा राग आला तसा आयुष्यात कुणाचा आला नाही, आणि तिचं म्हणणं खोटं नव्हतं याचा त्याहून जास्त आला. मग मी दिराला सांगितलं. तो हसला. "वैनी, ट्रॅक्टरला दिवा असतोय," तो म्हणाला. चांगल्या डोळ्यांच्या माणसाला काय समजावणार?

नवऱ्यानं आपली युक्ती काढली होती. ऊस घेऊन पहाट फुटल्यावर निघायचा. कारखान्यावर रांग लांबली की तिथंच ट्रॉलीखाली अंग टाकायचा आणि उजाडल्यावर यायचा. घरी सांगायचा, नंबरच लागला नाही. एका हंगामात हे खपलं. दुसऱ्या हंगामात दिराची चिडचिड सुरू झाली, दुसऱ्यांचे ट्रॅक्टर दिवसाला दोन खेपा करतात आणि आमचा एक, म्हणून. त्यानं चारचौघांत विचारलं, "तिथं बाई ठिवलीय का?" लोक हसले. त्याच दिवशी नवरा कारखान्यावर न थांबता दिवेलागणीला परत निघाला.

ओढ्याच्या पुलाला कठडा नव्हता. समोरून मालट्रक आला, त्याचा उजेड डोळ्यांत गेला, आणि ट्रॅक्टर सरळ ओढ्यात. सोलापूरच्या दवाखान्यात उजवा पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

खाटेभोवती पाहुणे जमले आणि कसं झालं, कसं झालं, असं विचारायला लागले, तेव्हा सासू म्हणाली, "प्याला व्हता." तिचा आवाज जरासुद्धा हलला नाही. या माणसानं जन्मात दारूला बोट लावलेलं नव्हतं. मी त्याच्याकडे बघितलं. वाटलं, आता तरी बोलेल. पाय गेला, आता आणखी काय जायचं राहिलंय?

"घेतली व्हती थोडी," तो म्हणाला.

दारुड्याच्या बहिणीला स्थळ मिळतं, आंधळ्याच्या बहिणीला मिळत नाही. एवढा साधा हिशेब होता, आणि तो बरोबर निघाला. पुढच्या वैशाखात नणंदेचं लग्न झालं. गुरुजी तिला आणि तिच्या नवऱ्याला बाहेर घेऊन गेले तेव्हा मी मुद्दाम मागं उभी राहिले. त्या मुलाचं बोट थेट बाजल्याच्या मधल्या चोरावर गेलं. मला हायसं वाटलं. आणि माझ्या नवऱ्याचा पाय हिच्या अक्षतांत वाटला गेला, असंही वाटलं. दोन्ही वाटलं, एकाच वेळी.

नाव मात्र नवऱ्याला चिकटलं. पोरंसोरं त्याच्याजवळ येऊन तोंडाचा वास घ्यायची. गावात कुणाचं काही सांडलं तरी ह्याच्याकडे बघून हसायचे. दोन वर्षं त्यानं सोसलं आणि मग खरोखर प्यायला लागला. मी भांडले. तो म्हणाला, "नाव पडलंच हाय, तर चव का सोडू?" घर चालवायला मी अंगणवाडीवर लागले, सातवी पास होते म्हणून. सरकारी सुकडी शिजवायची आणि पोरांना गाणी शिकवायची.

पुढं एका उन्हाळ्यात हायस्कुलात विज्ञानाचे नवे मास्तर आले. त्यांनी कुठून तरी दुर्बीण मिळवली आणि संध्याकाळी मैदानावर लावली. गावाला बोलावलं. मी मुलीला घेऊन गेले, ती तेव्हा चौथीत होती. मास्तरांनी दुर्बीण बाजल्याकडे वळवली. दुर्बिणीतून वसिष्ठ एक नव्हताच, दोन होता! दोन तारे, एकमेकांना चिकटून, आणि अरुंधती बाजूला पार लांब. मी विचारलं, "मास्तर, ती त्याच्या मागं मागं जाते का?" ते म्हणाले, जोडताऱ्यांमध्ये पुढं-मागं कुणी नसतं. दोघंही मधल्या रिकाम्या जागेभोवती फिरतात. जड असतो तो कमी हलतो, हलका असतो त्याला जास्त फिरावं लागतं. हे मला लगेच पटलं. आमच्या घरात सगळं फिरणं माझंच होतं.

मग ते सहज म्हणाले, "जुन्या काळी सैनिकांची नजर याच ताऱ्यावर तपासायचे, असं सांगतात. नुसत्या डोळ्यांनी अरुंधती वेगळी दिसली, तर नजर चांगली."

मी तिथं मैदानावरच उभी राहिले. म्हणजे तपासणी झाली होती. आमच्या लिंबाखाली, सगळ्या गावादेखत, गुरुजींच्या हस्ते. माझा नवरा त्या तपासणीत नापास झाला होता आणि आम्ही सगळ्यांनी मिळून त्याला पास केलं होतं. त्याच्या बापालाही तसंच पास केलं असणार. ज्यांनी कुणी ही रीत काढली त्यांनी डोळे बघायलाच काढली असेल, आणि मग न दिसली तरी दिसली म्हणायचं, हे कुण्या हुशारानं जोडलं असेल. मला त्या हुशाराच्या तोंडात मारावीशी वाटली.

तेवढ्यात मला मुलीचं आठवलं. ती दुर्बिणीला डोळा लावून म्हणाली होती, "दिसलं, दिसलं," आणि बाकीच्या पोरांसारखी टाळ्या वाजवत बाजूला झाली होती. येताना माझा पदर धरून चालली होती. हल्ली दिवे लागले की चौकटीला धडकायची, आणि मी तिला वेंधळी म्हणायची.

दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर तिला माळवदावर नेलं. आभाळ स्वच्छ होतं. बाजलं चारी पाय ताणून समोर पडलं होतं, चोर होते, गाठोडं होतं. खाली अंगणात सासू बसली होती आणि नवरा कुबडी मांडीवर घेऊन खाटेवर.

"मधल्या चोराच्या जवळ काय दिसतं?" मी विचारलं.

ती बराच वेळ बघत राहिली. मग तिनं माझ्या आवाजाकडे तोंड वळवलं.

"आई, चोर कुठं हायत?"

खालून सासूचा आवाज आला, "दिसतं म्हण गं बाई. पोरीच्या जातीनं दिसतं म्हणावं."

"न्हाय!" मी ओरडले. सासूवर मी त्याआधी कधी ओरडले नव्हते. "न्हाय दिसत म्हण. मोठ्यानं म्हण!"

पोर घाबरली. पण म्हणाली, आळीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली, "न्हाय दिसत!"

मग अंगणातून नवऱ्याचा आवाज आला. त्या संध्याकाळी तो प्यालेला नव्हता.

"मलाबी न्हाय दिसत, बाळा."

हेच त्यानं लिंबाखाली म्हणायला हवं होतं. मी मुलीचा हात धरला आणि तिला एकेक पायरी सांगत खाली आणलं.