धाकट्याला थोरल्याचं नाव

खडीच्या क्रशरवरच्या मुकादमाला माणसांची नावं लक्षात राहत नसत, आणि त्याचं त्याला काडीचंही वाईट वाटत नसे. मशीनचा बोल्ट न् बोल्ट त्याला तोंडपाठ. माणसं मात्र टकल्या, लंबू, बोबड्या, नाहीतर नुसतंच 'ए'. त्या 'ए'ला ओ दिली नाही की कानाखाली बसायची. एकदा पाणी आणायला उशीर झाला म्हणून त्यानं एकाचे दोन दात पाडले. घरी बायकोनं विचारलं, "कोणाचे?" तर त्याला सांगता येईना.

क्रशरवर दोन भाऊ कामाला होते. थोरला खडी वाहणाऱ्या पट्ट्यावर, धाकटा दगड फोडायला. चेहरे अगदी एका साच्यातले. थोरल्याला मुकादम लंबू म्हणायचा. धाकट्याला हाक मारायची वेळच आली नव्हती.

एका दुपारी पट्ट्यात दगड अडकला. थोरला म्हणाला, "मशीन बंद करा, मग काढतो."

"हात घाल की, चावतंय का ते?" मुकादम खेकसला.

थोरल्यानं हात घातला. आधी बाही ओढली गेली, मग कोपर, मग खांदा. धाकट्यानं धावत येऊन भावाचे पाय धरले आणि जिवाच्या आकांतानं मागे खेचले. मुकादमाचा हात बटणावर पडेपर्यंत ते पाय झाडायचे थांबले होते.

'त्यानं स्वतःच हात घातला,' असं मुकादमानं पोलिसांना सांगितलं. पंचनामा, मालकाचा कागद, दवाखान्याचा कागद, सगळीकडे थोरल्याचं नाव सांगावं लागलं. सांगून सांगून ते डोक्यात खिळ्यासारखं बसलं. मजुराचं नाव त्याला पाठ झालं ते असं, मजूर मेल्यावर.

पंधरा दिवसांनी धाकटा कामावर आला. तो चेहरा दिसताच मुकादमाच्या तोंडून थोरल्याचं नाव निघालं.

"तो गेला, साहेब. मी धाकटा," असं म्हणून त्यानं आपलं नाव सांगितलं.

"बरं बरं," मुकादम म्हणाला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. सुरुवातीला धाकटा दर वेळी चूक दुरुस्त करायचा. मग त्यानं ते सोडून दिलं आणि भावाच्या नावाला मुकाट्यानं ओ देऊ लागला. सहा महिने असेच गेले. मग एकदा पट्टा पुन्हा अडकला. मुकादमानं मागे वळून थोरल्याच्या नावानं आरोळी ठोकली, "अरे बघतोस काय? घाल हात!"

धाकट्याच्या हातात पहार होती.

पहिला घाव जबड्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मुकादमाला स्वतःच्या कानात ऐकू आला. दुसऱ्या घावानं कान फाटला. तो खडीवर पालथा पडला आणि तोंडातले दात, रक्त, धूळ सगळं एकत्र गिळू लागला. तिसरा घाव बरगड्यांवर. टकल्या आणि बोबड्या दोघं धाकट्याच्या हाताला लोंबकळले तेव्हा कुठे पहार सुटली.

दवाखान्यात जबडा तारांनी बांधला. हवालदारानं कागद पुढे केला. "कोणी मारलं? लिहा."

मुकादमानं विचारही न करता लिहून दिलं.

हवालदार क्रशरवर जाऊन परत आला तो वैतागूनच. "मुकादम, ह्या नावाचा माणूस सहा महिन्यांपूर्वीच गेलाय. माझी थट्टा करताय का? मजूर तर तोंड उघडायला तयार नाहीत."

मुकादमानं उशाशी बसलेल्या बायकोकडे पाहून कागदावर लिहिलं : धाकट्याचं नाव काय?

थोरला गेला तेव्हा ती त्याच्या आईला भेटून आली होती. तिला ठाऊक होतं. "सहा महिने त्याला त्याच्या नावानं हाक मारता आली नाही तुम्हाला," ती म्हणाली. "आता पकडून द्यायला नाव हवंय होय?"

त्यानं कागद तिच्यापुढे सरकवला. मग तिनं नाव सांगितलं. हवालदारानं धाकट्याला घरून उचललं. तो पळून गेलाच नव्हता.

खटला उभा राहीपर्यंत मुकादमाचा जबडा वाकडा जुळून आला होता. धाकट्याच्या वकिलानं विचारलं, "आरोपीला तुम्ही काय बोललात?"

"मेलेल्या भावाचं नाव घेऊन पट्ट्यात हात घालायला सांगितलं," मुकादम म्हणाला. "भावालाही मीच सांगितलं होतं. मशीन चालू असताना. पंचनाम्यात मी खोटं बोललो."

मालकाच्या वकिलानं कपाळावर हात मारला. धाकट्याला दोन वर्षांची शिक्षा झाली. मुकादमावर वेगळा खटला भरायचं ठरलं, आणि मुकादमी त्याच दिवशी गेली.

बाहेरच्या व्हरांड्यात त्या भावांची आई उभी होती. तो जवळ येताच तिनं नेमक्या मोडक्या गालावर सणसणीत ठेवून दिली. पोलीस पुढे सरसावला.

"राहू द्या," मुकादम तोंड धरून म्हणाला.

खाली धाकट्याला गाडीत चढवत होते. मुकादम पायऱ्या उतरला आणि त्यानं हाक मारली. वाकड्या तोंडातून अक्षरं नीट फुटली नाहीत, पण नाव बरोबर होतं. धाकटा वळला. पोलिसानं धाकट्याला आत ढकललं आणि दार ओढून घेतलं.